जॉब रांगेत का अडकतो? समांतर संगणकावरच्या शेड्यूलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लस्टर (एकत्र जोडलेले अनेक संगणक, त्यातला प्रत्येक म्हणजे एक नोड) सांभाळताना मेलवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. 'माझा जॉब (यंत्राला दिलेलं काम) का लागत नाही', म्हणजे सुरू का होत नाही, हा एकच प्रश्न दहा वेषांत येतो, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. उदाहरणं बहुतेक स्लर्म या शेड्यूलरची, म्हणजे कोणता जॉब कधी चालवायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रामची आहेत. तुमच्याकडे पीबीएस किंवा दुसरा शेड्यूलर असेल तर आज्ञा बदलतील, विचार तोच राहील. वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या: शेड्यूलरला तुमचा प्रोग्राम दिसत नाही. त्याला दिसतो फक्त तुमचा अर्ज, म्हणजे किती कोर (प्रोसेसरमधली स्वतंत्रपणे काम करणारी एककं), किती मेमरी, किती वेळ.

१. लॉगिन झाल्यावर प्रोग्राम तिथल्या तिथे चालतो. मग रांगेत टाकायचाच कशाला?

चालतो, कारण लॉगिन नोड, म्हणजे तुम्ही आत शिरता तो संगणक, हाही एक साधा संगणकच आहे. पण तो फाइली हलवायला, कोड कंपाइल करायला आणि जॉब टाकायला ठेवलेला असतो. तिथे एकाने ३२ थ्रेड (एकाच प्रोग्रामचे एकदम चालणारे धागे) सोडले की बाकीच्यांना साधी फाइल उघडायला मिनिट लागतं. खरी ताकद मागच्या कंप्यूट नोडांमध्ये असते आणि तिथे जायचा रस्ता रांगेतूनच जातो. दोन मिनिटांची चाचणी करायची असेल तर इंटरॅक्टिव्ह जॉब मागा, तोही रांगेतूनच मिळतो.

२. शेड्यूलिंग आणि प्रोसेसर ॲलोकेशन एकच ना?

नाही. पुढचा जॉब कोणाचा आणि तो कधी लावायचा, हे शेड्यूलिंग. त्याला नेमके कुठले नोड आणि कुठले कोर द्यायचे, हे ॲलोकेशन. बहुतेकांच्या तक्रारी पहिल्याबद्दल असतात. 'तोच प्रोग्राम काल ४० मिनिटांत संपला, आज ५५ लागली' ही तक्रार मात्र बऱ्याचदा दुसऱ्याबद्दल असते (प्रश्न १० पाहा).

दोन्ही गोष्टी उत्तम करणं गणितीदृष्ट्या अवघड आहे. सगळ्या जॉबांना लागणारा वेळ आधीच अचूक माहीत असला आणि प्रोसेसर फक्त दोन असले, तरी सगळं काम लवकरात लवकर संपेल अशी वाटणी शोधणं हा एनपी-हार्ड प्रश्न आहे, म्हणजे त्याचं नेमकं उत्तर दर वेळी झटपट काढणारी रीत कोणाला माहीत नाही. इथे तर नोड शेकडो, आणि अजून तासाभराने कोण काय टाकणार हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणून शेड्यूलर सर्वोत्तम उत्तराच्या मागे लागत नाही. तो कामचलाऊ उत्तर काढतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतो.

३. माझ्या लॅपटॉपवर शंभर प्रोग्राम एकदम चालतात. इथे एक कोर एकाच जॉबला अडकवून का ठेवता?

लॅपटॉपवरचे शंभर प्रोग्राम एकमेकांची वाट पाहत बसत नाहीत. समांतर जॉबचं तसं नसतं. समजा एमपीआयच्या (प्रक्रियांनी एकमेकींना संदेश पाठवायची प्रणाली) ६४ प्रक्रिया दर काही मिलिसेकंदांनी एकमेकींना आकडे देतात. त्यातल्या एकीचा कोर दुसऱ्या कोणाच्या कामाला दिला, तर उरलेल्या ६३ तिथेच खोळंबतात. वर एमपीआयमधली वाट पाहणं बहुतेक वेळा 'आलं का, आलं का' असं सतत विचारत फिरण्याचं असतं. त्यामुळे मॉनिटरवर सगळे कोर १०० टक्के व्यग्र दिसतात आणि काम मात्र होत नसतं.

यावर जॉन ओस्टरहाउट यांनी १९८२ साली तोड सुचवली होती: एका जॉबच्या सगळ्या प्रक्रिया एकदमच चालवायच्या आणि एकदमच थांबवायच्या. एक तक्ता डोळ्यांसमोर आणा. उभे रकाने प्रोसेसरांचे, आडव्या ओळी वेळेच्या तुकड्यांच्या. एका ओळीत बसलेले जॉब एकत्र धावतात, मग सगळं यंत्र पुढच्या ओळीवर जातं. याला गँग शेड्यूलिंग म्हणतात आणि स्लर्ममध्येही त्याची सोय आहे. पण सगळ्या ओळींतल्या जॉबांचा पसारा मेमरीत एकदम मावावा लागतो आणि दर पाळीला कॅश (प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी) नव्याने भरावी लागते. म्हणून बहुतेक ठिकाणी वेळ वाटण्याऐवजी जागाच वाटतात: जॉब संपेपर्यंत कोर तुमचा.

४. नोड मोकळे दिसतायत, तरी माझा जॉब पेंडिंगच. का?

आधी एसक्यू (squeue) या आज्ञेने दिसणाऱ्या यादीत शेवटच्या रकान्यात कारण काय लिहिलंय ते वाचा. निम्म्या मेलांचं उत्तर तिथेच असतं.

'रिसोर्सेस' असेल तर तुमचा नंबर आलेला आहे, पण मागितलेली जागा अजून रिकामी झालेली नाही. 'प्रायॉरिटी' म्हणजे पुढे दुसरं कोणीतरी उभं आहे. 'डिपेंडन्सी' म्हणजे तुम्हीच दुसऱ्या जॉबनंतर चालव असं सांगितलंय.

आता त्या 'मोकळ्या' नोडांचं. कोर मोकळे आणि मेमरी संपलेली, हा नेहमीचा प्रकार. कोणीतरी एकच कोर मागतो आणि त्यासोबत नोडची जवळजवळ सगळी मेमरी घेतो. नोडवर ४७ कोर रिकामे दिसतात, पण ते कोणालाच देता येत नाहीत. दुसरा प्रकार विखुरलेल्या जागेचा: तुम्ही ४८ कोर एकाच नोडवर मागितलेत आणि शिल्लक आहेत दहा नोडांवर पाच-पाच. तिसरा, देखभालीचा. उद्या सकाळी आठला यंत्र बंद राहणार असेल आणि तुम्ही २४ तास मागितले असतील, तर आज दुपारी सगळे नोड रिकामे असूनही तुमचा जॉब लागणार नाही, कारण तो आठच्या आत संपेल याची शेड्यूलरला खात्री नाही. वेळ कमी करून टाकलात तर लगेच लागतो. चौथा प्रकार राखीव जागेचा, तो पुढच्या उत्तरात आहे.

५. माझ्यानंतर दोन तासांनी आलेल्याचा जॉब आधी लागला. वशिला आहे का?

वशिला नाही, बॅकफिल आहे. एकदा आकड्यांत बघितलं की शंका राहत नाही.

१० नोडांचं यंत्र घ्या. 'क' हा जॉब ६ नोडांवर चालू आहे आणि त्याचे ४ तास उरले आहेत. म्हणजे ४ नोड मोकळे. रांगेत सगळ्यात पुढे 'ख' आहे, त्याला ८ नोड हवेत. तो आत्ता लागू शकत नाही. निव्वळ 'आधी येईल त्याला आधी' असा नियम ठेवला तर ते ४ नोड ४ तास नुसते बसून राहतील.

म्हणून शेड्यूलर 'ख'साठी चार तासांनंतरची जागा राखून ठेवतो आणि मागच्यांकडे बघतो. 'ग'ला ४ नोड ३ तासांसाठी हवेत. तो 'ख'ची वेळ यायच्या आत आटोपतो, त्याला घ्यायला हरकत नाही. 'ग' नसता आणि 'घ' असता, ४ नोड पण ६ तास, तर तो 'ख'च्या वाटेत आला असता, म्हणून त्याला नकार. आणि 'च'ला फक्त २ नोड पण १२ तास हवे असते तर? चार तासांनी १० नोड मोकळे होणार, 'ख'ला ८ लागणार, २ उरणारच. तेव्हा 'च'लाही हिरवा कंदील. कोण आधी आलं याचा इथे संबंध नाही, कोण भोकात बसतं याचा आहे.

ही रीत १९९५ साली डेव्हिड लिफ्का यांनी अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या आयबीएम एसपी यंत्रासाठी बसवलेल्या ईझी शेड्यूलरमधून रूढ झाली. त्यात फक्त रांगेतल्या पहिल्याच जॉबला राखीव जागेचं वचन मिळतं. दुसऱ्या-तिसऱ्याला कोणी अप्रत्यक्षपणे मागे ढकललं तर ईझीला त्याचं सोयरसुतक नाही. रांगेतल्या प्रत्येकाला वचन देणारी रीतही आहे, तिला कन्झर्व्हेटिव्ह बॅकफिल म्हणतात. तिच्यात अंदाज बांधणं सोपं जातं, पण मोकळी भोकं भरायला वाव कमी उरतो.

६. वेळ किती मागू? जास्तीत जास्त मागून टाकली तर माझं काय जातं?

तुमची भोकं जातात. वरच्या उदाहरणातला 'घ' खरं तर तीन तासांत संपणारा असेल, पण कागदावर सहा लिहिल्यामुळे बाहेर बसला. आधीच्या दोन-तीन फेऱ्यांत किती वेळ लागला ते बघा, त्यावर २० ते ३० टक्के चढवा आणि तेवढा मागा. लोक १ तास, ४ तास, २४ तास असे गोल आकडे लिहितात. सगळे २४ वाले एकाच रांगेत अडकलेले असताना पावणेचार तास लिहिणारा निसटून पुढे जातो.

एक गंमत सांगतो, पण तिचा गैरफायदा घेऊ नका. २००१ साली अहुवा मुआलेम आणि ड्रोर फीटलसन यांनी एसपी-२ यंत्रांवरच्या बॅकफिलचा अभ्यास केला. त्यात असं दिसलं की सगळ्यांचेच अंदाज फुगलेले असले तर एकूण कामगिरी बिघडतेच असं नाही, कधी सुधारतेही. जॉब लिहिल्यापेक्षा लवकर संपतात, अचानक मोठी भोकं पडतात आणि छोटे जॉब त्यांत शिरतात. पण हा सगळ्या यंत्राचा हिशेब झाला. एकट्या तुम्ही फुगवलंत तर मागे तुम्हीच राहता.

आणि लिहिण्याची पद्धत तपासा. स्लर्ममध्ये वेळेच्या जागी नुसतं '१०' म्हणजे दहा मिनिटं. '१०:००' म्हणजेही दहा मिनिटंच, दहा तास नव्हे. दहा तासांसाठी '१०:००:००' लिहावं लागतं. मी स्वतः एकदा शुक्रवारी संध्याकाळी '१०:००' लिहून घरी गेलो होतो. सोमवारी आउटपुट फाइलमध्ये दहा मिनिटांचं काम होतं.

७. फक्त पाच मिनिटं कमी पडली आणि जॉब मारला. एवढी तरी सवलत द्यायची!

त्या पाच मिनिटांनंतरची जागा दुसऱ्याला कबूल केलेली असते, तेव्हा शेड्यूलर घासाघीस करत नाही. मात्र तो न सांगता मारत नाही. वेळ संपल्यावर स्लर्म आधी थांबायचा सिग्नल देतो आणि त्यानंतर, सेटिंग बदललेलं नसेल तर, ३० सेकंदांनी सक्तीने बंद करतो. मोठा डेटा लिहायला ३० सेकंद पुरत नाहीत. म्हणून जॉब टाकतानाच 'वेळ संपायच्या १० मिनिटं आधी सिग्नल दे' असं सांगून ठेवा आणि तो आला की प्रोग्रामने आपली अवस्था फाइलमध्ये लिहावी अशी सोय करा. चेकपॉइंट (अशी लिहून ठेवलेली अवस्था) असलेला माणूस १२-१२ तासांचे चार जॉब टाकून ४८ तासांचं काम करतो, आणि छोटे असल्यामुळे ते लवकर लागतात.

८. कोर दुप्पट मागितले की वेळ निम्मा, बरोबर?

अगदी थोड्या प्रोग्रामांच्या बाबतीत. कामाचा जो भाग समांतर होऊच शकत नाही, तो कोर कितीही वाढवले तरी तेवढाच वेळ खातो. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हा हिशेब आहे. समजा फक्त ५ टक्के काम एकामागून एक करावं लागतं. १६ कोरांवर वेग साधारण ९ पट होतो, ६४ वर १५ पट, १२८ वर १७ पट. अनंत कोर दिले तरी २० पटीच्या पुढे नाही. म्हणजे ६४ वरून १२८ वर जाताना तुम्ही ६४ कोर जास्त अडवले आणि मिळवलं जेमतेम दोन पटींएवढं. शिवाय मोठी जागा मोकळी व्हायला रांगेत जास्त थांबलात ते वेगळं.

त्याहून वाईट प्रकार रोज दिसतो. जॉबने ४८ कोर घेतलेत आणि नोडवर जाऊन पाहिलं तर एक कोर १०० टक्के, बाकीचे ४७ शून्यावर. प्रोग्राम समांतर लिहिलेलाच नसतो. कोर मागितल्याने प्रोग्राम समांतर होत नाही. उलटाही प्रकार होतो: ४ कोर मागायचे आणि लायब्ररीने नोडचे सगळे ४८ मोजून तेवढे थ्रेड सोडायचे. मग ते ४८ थ्रेड चार कोरांवर एकमेकांना धक्के मारत बसतात. थ्रेडांची संख्या स्क्रिप्टमध्ये स्वतः ठरवून द्या.

९. गेला आठवडा मी काहीच चालवलं नाही, तरी माझी प्रायॉरिटी तळाला का?

कारण फेअरशेअर (आधीच्या वापरावरून प्रायॉरिटी ठरवणारा हिशेब) बहुधा तुमचा एकट्याचा नसतो, गटाचा असतो. सहकाऱ्याने परवा मोठं सिम्युलेशन चालवलं असेल तर त्याचा भार तुमच्याही खात्यावर येतो.

जुना वापर पुसला जात नाही, विरत जातो. स्लर्ममध्ये मूळ सेटिंगप्रमाणे दर ७ दिवसांनी तो निम्मा मोजला जातो. ८००० कोर-तास वापरले तर आठवड्याने ते ४००० धरले जातात, दोन आठवड्यांनी २०००, तीन आठवड्यांनी १०००. प्रायॉरिटीत याशिवाय रांगेत किती वेळ उभे आहात, जॉब किती मोठा आहे, कुठल्या पार्टिशनमध्ये (नोडांच्या गटात) आहे, हेही मिसळतं. कशाला किती वजन द्यायचं ते ती-ती जागा ठरवते. म्हणूनच दुसऱ्या क्लस्टरवरचा अनुभव इथे लावून भांडू नका.

१०. मला शेजारशेजारचे नोड का मिळत नाहीत? आणि त्याने खरंच फरक पडतो का?

फरक पडतो, पण किती ते तुमचा प्रोग्राम किती बोलतो यावर आहे. शेजाऱ्यांशी सतत आकडे देवाणघेवाण करणाऱ्या जॉबला पडतो. प्रत्येकाने आपलं आपलं गणित करायचं असेल तर जवळजवळ नाही.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे आणि मला तो आवडतो, म्हणून जरा थांबतो. पूर्वीच्या जाळीच्या आणि हायपरक्यूबच्या (प्रोसेसर एकमेकांना जोडायच्या दोन रचना) यंत्रांत जॉबला सलग तुकडाच द्यायची रीत होती. १९९१ साली ली आणि चेंग यांनी जाळीसाठी बडी पद्धत मांडली: तुकडे चौकोनी आणि बाजू २, ४, ८ अशा दोनाच्या घातांत. हिशेब ठेवायला झकास. पण ५×५ मागणाऱ्याला ८×८ द्यावा लागतो, म्हणजे २५ प्रोसेसर कामाला आणि ३९ त्याच्या कुंपणात बसून. हे झालं आतलं विखंडन. कुंपण अचूक मापाचं घातलं तर बाहेरचं विखंडन उरतं: मोकळे प्रोसेसर पुरेसे, पण इथे तीन, तिथे सात, सलग कुठेच नाहीत. नेटवर्कमध्ये वर्महोल राउटिंग (संदेश वाटेत पूर्ण न थांबवता तुकड्यातुकड्यांनी पुढे सरकवणं) आलं, लांबच्या नोडशी बोलणं तितकं महाग राहिलं नाही, आणि मग विखुरलेले प्रोसेसर दिले तर काय बिघडतं असा विचार पुढे आला. बिघडतं ते हे की दोन जॉबांचा संदेशांचा प्रवाह एकाच तारेवरून जाऊ लागतो. तुमचा काहीही दोष नसताना शेजारच्याच्या गोंगाटाने तुमचा प्रोग्राम हळू होतो. प्रश्न २ मधली ४० आणि ५५ मिनिटं अशीच येतात.

आयबीएमच्या ब्लू जीन/एल या महासंगणकाने सलगतेची बाजू घेतली. त्यात ८×८×८ अशा ५१२ नोडांची एक मिडप्लेन होती आणि मोठे जॉब पूर्ण मिडप्लेन घेत. ६०० नोडांच्या कामाला दोन मिडप्लेन, म्हणजे ४२४ नोड स्वस्थ. पण आत कोणाचा त्रास नाही, वेळ रोज तीच.

आजच्या फॅट-ट्री (झाडासारख्या फांद्यांच्या) जाळ्यांत कमीत कमी स्विचवर (नोडांना जोडणाऱ्या पेट्यांवर) बसव असं सांगता येतं, आणि त्यासाठी जास्तीत जास्त किती वेळ थांबायची तयारी आहे तेही. ती मुदत द्याच. नाहीतर चांगल्या जागेच्या नादात जॉब रांगेतच राहू शकतो.

११. ५००० छोट्या फाइली तपासायच्या आहेत. ५००० जॉब टाकू का?

नको. ॲरे जॉब (एकाच अर्जात एकाच स्क्रिप्टची अनेक कामं) टाका आणि एका वेळी किती चालावेत याची मर्यादा घाला. एकेक काम ३० सेकंदांचं असेल तर ॲरेनेही भागत नाही, कारण जॉब लावणं-उतरवणं यातच काही सेकंद जातात. शंभर फाइली एका कामात बांधा, म्हणजे ५० कामं होतात.

१२. यंत्र १०० टक्के भरलेलं का नसतं? शेड्यूलर आळशी आहे का?

मोठ्या जॉबसाठी नोड जमवताना आधी रिकामे झालेले नोड शेवटच्याची वाट पाहतात, आणि त्यांत बसणारा छोटा जॉब रांगेत असेलच असं नाही (प्रश्न ५). हे टाळायचं तर मोठे जॉब कायमचे उपाशी ठेवावे लागतील.

दुसरं, पूर्ण भरलेलं यंत्र वापरणाऱ्याच्या सोयीचं नसतं. एकाच खिडकीच्या साध्या रांगेचं गणित घ्या. खिडकी ९० टक्के वेळ व्यग्र असेल तर सरासरी माणूस एका कामाच्या वेळेच्या ९ पट थांबतो. ९५ टक्के झाली की १९ पट. क्लस्टरची रांग इतकी साधी नाही, पण वक्र असाच चढतो.

१३. चालू जॉबला मधेच आणखी नोड देता येतील का?

बहुतेक जॉब ताठर असतात: जेवढे मागितले तेवढेच, शेवटपर्यंत. काहींना सुरू होताना संख्या बदललेली चालते, शेड्यूलर म्हणाला ६४ नाहीत, ३२ घे, तर तेही चालतात. चालू असताना कमी-जास्त होऊ शकणारे लवचीक जॉब शेड्यूलरला सगळ्यात प्रिय, पण त्यासाठी प्रोग्रामला आपला डेटा पुन्हा वाटून घेता आला पाहिजे. तसे फार थोडे लिहिले जातात. नेहमीच्या एमपीआय प्रोग्रामबद्दल विचारत असाल तर उत्तर नाही असंच आहे. चेकपॉइंट घ्या आणि नव्या संख्येने पुन्हा सुरू करा.

१४. प्रोसेसर वाढवले आणि काम उलट उशिरा संपलं. माझं काही चुकतंय का?

चुकत नसेलही. रोनाल्ड ग्रॅहम यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांत असं घडू शकतं. त्यांचं उदाहरण कागदावर करून बघा.

नऊ कामं, वेळ अनुक्रमे ३, २, २, २, ४, ४, ४, ४, ९. नववं काम पहिलं संपल्यावरच सुरू होतं. पाचवं ते आठवं चौथं संपल्यावर. नियम असा की प्रोसेसर रिकामा झाला की यादीतलं पहिलं तयार काम उचलायचं. तीन प्रोसेसरांवर चौथं काम उशिरा, चारच्या ठोक्याला संपतं. पाचवं ते आठवं तोवर अडकलेली असतात, त्यामुळे तिसऱ्या ठोक्याला नवव्या लांबलचक कामाला जागा मिळते आणि सगळं १२ ला आटोपतं. चौथा प्रोसेसर दिला की चौथं काम लगेच होतं, पाचवं ते आठवं पुढे घुसतात, नवव्याला थेट सहाव्या ठोक्याला जागा मिळते आणि शेवट होतो १५ ला.

तुमच्या वर्कफ्लोमध्ये असं होत असेल तर सगळ्यात लांब साखळीवरची कामं यादीत वर घ्या. नववं काम पहिल्याच्या पाठोपाठ लिहिलंत तर चार प्रोसेसरांवरही १२ च लागतात.

१५. पहिला जॉब फेल झाला, दुसरा चार दिवस पेंडिंग आहे. आपोआप जाईल ना?

'पहिला यशस्वी झाला तरच' अशी अट घातली असेल तर ती आता कधीच पुरी होणार नाही, आणि कारणाच्या रकान्यात 'डिपेंडन्सी नेव्हर सॅटिस्फाइड' असं दिसेल. असे जॉब आपोआप रद्द व्हावेत अशी सोय सगळीकडे चालू केलेली नसते. एसकॅन्सल (scancel) या आज्ञेने स्वतः काढा, पहिला दुरुस्त करून टाका, आणि दुसऱ्यात नव्या जॉबचा क्रमांक घाला, जुना नव्हे.